रहीम साहेब : मैदानावरचे शाळामास्तर

पेडणे आणि बार्देस या दोन तालुक्यांच्या मधून शापोरा नदी वाहते. तिच्या दक्षिण काठावरील कोलवाळ गावी १९३७ साली जन्मलेला एक तरुण ४ सप्टेंबर १९६२ रोजी जकार्ता येथील विशाल क्रीडागारात भारताचा गणवेश घालून उतरला. फोर्तुनातो फ्रांको हे त्याचे नाव. गोवा मुक्त होऊन त्या दिवशी पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. त्या सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे नमवून आशियाई क्रीडास्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर सहा दशके उलटून गेली, तरी ते पदक पुन्हा भारताच्या वाट्याला आलेले नाही.

फ्रांकोसह त्या अकरा जणांची निवड करणारा, त्यांना मैदानावर मांडणारा आणि त्यांच्याकडून आपल्या मनाजोगता खेळ करवून घेणारा माणूस तेव्हा प्रकृतीने खचलेला होता. पेशाने तो शाळामास्तर. त्याचे नाव सय्यद अब्दुल रहीम. देशभरातील खेळाडू त्यांना रहीम साहेब म्हणत.

गोव्याला फुटबॉल नवा नाही. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मगुरूंनी १८८३ मध्ये शिवोलीत हा खेळ आणला, असे मानले जाते. शिवोलीहून नदी ओलांडली की पेडणेच लागते. तेव्हापासून गावोगावच्या शेतांत, भात कापून झाल्यावर मोकळ्या होणाऱ्या खाचरांत, चेंडू लाथाडला जातो आहे. खेळाडूंची नावे लोकांना पाठ असतात, क्लबांवरून घराघरांत वाद होतात. मात्र प्रशिक्षकाचे नाव सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. रहीम यांचेही तसेच झाले. २०२४ साली त्यांच्यावरील हिंदी चित्रपट पडद्यावर येईपर्यंत नव्या पिढीला हे नाव जवळजवळ अपरिचित होते. चित्रपटाने त्यांना लोकांसमोर आणले खरे, पण चित्रपटाला नायक लागतो आणि नायकाला खलनायक. रहीम यांचे प्रत्यक्ष कार्य त्याहून संथ, चिकाटीचे आणि म्हणूनच अधिक विलक्षण होते.

त्यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. हे निजामाचे हैदराबाद. आजच्या मराठवाड्याचे मराठीभाषक जिल्हेही त्याच राज्यात मोडत, आणि उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ हे त्या साऱ्या मुलखाचे उच्च शिक्षणाचे केंद्र होते. रहीम उस्मानियात शिकले, विद्यापीठाच्या फुटबॉल संघातून खेळले आणि कला शाखेची पदवी घेऊन शिक्षक झाले. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा शहरातील निरनिराळ्या शाळांमध्ये त्यांनी अध्यापन केले. मधल्या काळात शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळांमधील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. स्थानिक लीगमध्ये कमर क्लबकडून ते खेळतही असत. खेळाडू म्हणून ते चांगले होते, पण असामान्य म्हणावेत असे नव्हते. पुढील आयुष्यात ही गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली असावी. ज्याला सारे उपजत येते त्याला ते दुसऱ्याला कसे शिकवावे हे बहुधा सांगता येत नाही. रहीम यांनी मात्र प्रत्येक गोष्ट स्वतः उलगडून पाहिली होती.

१९४३ मध्ये ते हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव झाले आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिले. पुढे हैदराबाद शहर पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला. इथून त्यांच्या कामाला खरा आकार येऊ लागला.

त्या काळातील भारतीय फुटबॉल कसा होता हे ध्यानात घेतल्याशिवाय रहीम यांनी काय केले ते कळत नाही. बहुसंख्य खेळाडू अनवाणी खेळत. कोरड्या मैदानावर अनवाणी पायाचा चेंडूवरील ताबा विलक्षण असे आणि प्रेक्षकांना तेच आवडे. एकाने चेंडू घ्यावा, तिघांना चकवावे, चौथ्याने हिरावून घेतला तरी टाळ्या पडाव्यात, अशी खेळाची रीत होती. देशांतर्गत सामने सत्तर मिनिटांचे असत, तर आंतरराष्ट्रीय सामने नव्वद मिनिटांचे. मांडणी जुन्या पद्धतीची होती : मागे दोन बचावपटू, मध्ये तिघे, पुढे पाच. जग ही मांडणी सोडून पुढे गेले होते. थोडक्यात, भारतीय खेळाडूच्या अंगी कौशल्य होते. उणीव होती ती उरलेल्या वीस मिनिटांच्या दमाची, ओल्या मैदानावर टिकणाऱ्या पायांची आणि अकरा जणांनी मिळून विचार करण्याच्या सवयीची.

शाळेत मुलांना शिकवताना मास्तर जे करतो, तेच रहीम यांनी इथे केले. त्यांनी दोष वेगवेगळे काढले आणि प्रत्येक दोषासाठी वेगळा अभ्यास आखला. चेंडू पायाशी ठेवून धावण्यास मनाई असलेल्या स्पर्धा त्यांनी भरवल्या. चेंडू आला की एक-दोन स्पर्शांत तो पुढे गेलाच पाहिजे, असा नियम. माणसापेक्षा चेंडू वेगाने धावतो, ही साधी गोष्ट व्याख्यानाने पटत नाही, ती अशा खेळातून अंगी भिनते. ज्यांचा उजवा पाय चालतो त्यांनी केवळ डाव्या पायाने खेळायचे, अशाही स्पर्धा होत. एकाच पायाने खेळणाऱ्याची एक बाजू कायमची बंद असते आणि हुशार बचावपटू त्याला नेमका त्याच बाजूला ढकलतो. दमासाठी स्वतंत्र सराव असे. शिस्तीच्या बाबतीत ते कठोर होते, पण आवाज चढवून बोलण्याची त्यांना फारशी गरज पडत नसे. त्यांची उर्दू रसाळ होती आणि सामन्यापूर्वीचे त्यांचे चार शब्द खेळाडूंना वर्षानुवर्षे आठवत राहिले.

या साऱ्याला पैसा फारसा लागत नव्हता, ही गोष्ट आज मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. मैदान, चेंडू आणि नियम बदलण्याची कल्पकता एवढ्यावर हे शिक्षण चालले होते. तुळशीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा गरीब घरातील मुलगा. सरावाला शहरात येण्याजोगे पैसे त्याच्यापाशी नव्हते. रहीम यांनी त्याला सायकलच्या भाड्याचे पैसे देऊ केले आणि मुलगा येऊ लागला. हाच बलराम पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि भारताच्या श्रेष्ठ आघाडीपटूंत गणला गेला.

हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० मध्ये मोहन बागानला हरवून ड्युरँड चषक जिंकला, तेव्हा कोलकात्याला पहिला धक्का बसला. भारतीय फुटबॉलची राजधानी म्हणजे कोलकाता हे समीकरण तोवर कोणी तपासूनही पाहिले नव्हते. त्याच वर्षी मुंबईचा रोव्हर्स चषक हैदराबादला गेला आणि तो सलग पाच वर्षे, १९५४ पर्यंत, तिथेच राहिला. मुंबईत राहून रेल्वेत, गिरण्यांत, कंपन्यांत नोकरी करणाऱ्या आणि गावाच्या कुडात मुक्काम ठेवणाऱ्या गोमंतकीयांनी कूपरेजवर हे पोलीस खेळताना पाहिले असणार. एकेकट्या खेळाडूच्या करामतींची सवय असलेल्या डोळ्यांना तो खेळ निराळा वाटला असेल. चेंडू कोणाच्याच पायाशी थांबत नव्हता.

१९५१ साली नवी दिल्लीत पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. रहीम राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते, शैलेन मन्ना कर्णधार. अंतिम सामन्यात इराणविरुद्ध मेवालाल यांनी केलेला एकमेव गोल भारताला सुवर्ण देऊन गेला. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. उत्तरेची थंडी, निसरडे गवत, आपले बहुतेक खेळाडू अनवाणी आणि मागे दोनच बचावपटू. या पराभवाचे खापर कोणा एकावर फोडणे सोपे होते. रहीम यांनी त्यातून धडा घेतला. त्यानंतर भारतीय फुटबॉल महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीम यांनी जुनी मांडणी मोडून तिसरा बचावपटू आणला. त्याच हेलसिंकीत हंगेरीने सुवर्ण जिंकले होते. त्यांचा सेंटर फॉरवर्ड आघाडीवर न थांबता मागे सरकून खेळे, आणि त्याच्यामागे जावे की जागा धरून राहावे हे बचावपटूला कळत नसे. ही युक्ती पुढे भारतीय संघाच्या खेळातही दिसू लागली.

त्याचे फळ १९५६ मध्ये मेलबर्नला मिळाले. हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पुढची चाल मिळाली आणि १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. भारताने तो सामना ४-२ असा जिंकला. त्यातील तीन गोल नेव्हिल डिसोझा याचे. मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा गोमंतकीय खेळाडू ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यानेच केला. चार वर्षांपूर्वी दहा गोल करणाऱ्या संघावर भारताने काही क्षण का होईना आघाडी घेतली होती. शेवटी तो सामना ४-१ असा हातचा गेला, ब्राँझपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरवले आणि भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा तो पहिला आशियाई देश होता. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरला.

इकडे गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता. आदल्या वर्षी, १५ ऑगस्ट १९५५ रोजी, सत्याग्रहींवर पत्रादेवीच्या सीमेवर गोळीबार झाला होता. पत्रादेवी पेडणे तालुक्यातलीच. सीमा बंद झाल्या होत्या, मुंबईतल्या मुलांना गावी येणे दुरापास्त झाले होते. अशा काळात एक गोमंतकीय भारताच्या नावाने गोल करीत होता आणि त्याला तिथे उभे करणारा माणूस ज्या संस्थानातून आला होता, तेही अवघ्या आठ वर्षांपूर्वी भारतात सामील झाले होते. या योगायोगाचे कोणी भाषण केले नाही. रहीम यांच्या संघात बंगाली, पंजाबी, तेलुगू, तामिळ, मलयाळी, गोमंतकीय असे सारे असत. खेळाडू कुठला याकडे पाहण्यापेक्षा तो कोणत्या जागी बसतो ते पाहण्याची त्यांची पद्धत होती. मेलबर्नच्या संघात हैदराबादच्या मुलांचा भरणा मोठा होता, हे खरे. परंतु त्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी हैदराबादनेच राष्ट्रीय विजेतेपदाचा संतोष करंडक जिंकला, हेही तितकेच खरे.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या वाट्याला हंगेरी, फ्रान्स आणि पेरू असा अवघड गट आला. हंगेरीकडून भारत १-२ असा निसटता हरला. फ्रान्सविरुद्ध कर्णधार पी. के. बॅनर्जी यांच्या गोलने आघाडी मिळाली होती. सामना संपण्यास दहाएक मिनिटे उरली असता फ्रान्सने बरोबरी साधली. सत्तर मिनिटांचे सामने खेळून वाढलेल्या संघाची परीक्षा नेहमी शेवटच्या टप्प्यात होत असे आणि देशातील सामन्यांची वेळ बदलणे प्रशिक्षकाच्या हाती नव्हते. या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीम हाही होता. तीनही सामन्यांत त्याला मैदानात उतरवले गेले नाही. कोलवाळचा फ्रांकोही त्या संघात होता आणि त्यालाही त्या वेळी बाकावरच बसावे लागले.

दोनच वर्षांत फ्रांको मधल्या फळीचा आधार झाला. जकार्त्यात भारताची सुरुवात वाईट झाली. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने २-० असे हरवले. थायलंडवर ४-१ असा विजय मिळाला, पण त्यात मुख्य बचावपटू जर्नैलसिंग याच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जपानला २-० असे हरवून संघ उपांत्य फेरीत पोहोचला. डोक्याला पट्टी बांधलेल्या बचावपटूने उंच चेंडू डोक्यावर घेत मागे उभे राहणे धोक्याचे होते, आणि त्याला बाहेर बसवले तर संघाचा कणाच जात होता. रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्डच्या जागी पाठवले. देशातील सर्वोत्तम बचावपटू पुढे आणि मागे अरुण घोष, त्रिलोकसिंग, चंद्रशेखर. वरवर पाहता हा जुगार होता. मात्र जर्नैलसिंग पूर्वी आघाडीवर खेळलेला होता, हे रहीम विसरले नव्हते. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याने गोल केला, कर्णधार चुनी गोस्वामी यांनी दोन केले आणि भारत ३-२ असा अंतिम फेरीत गेला.

अंतिम सामन्याचा दिवस उजाडला तो मैदानाबाहेरचे वादळ घेऊन. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. भारताचे ज्येष्ठ क्रीडा पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी या स्पर्धेला आशियाई म्हणता येणार नाही, असा आक्षेप घेतला आणि जकार्त्यात भारताविरुद्ध संताप उसळला. सामन्याच्या आदल्या दिवशी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सुमारे एक लाख प्रेक्षकांनी भरलेल्या त्या मैदानात भारतीय संघाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत हुर्योच ऐकावी लागली. पाकिस्तानच्या हॉकी संघाने मात्र त्या दिवशी भारताच्या बाजूने आवाज दिल्याची आठवण भारतीय खेळाडू नंतर आवर्जून सांगत.

आदल्या रात्री रहीम यांनी खेळाडूंना एकत्र बोलावले आणि एकच मागणी केली : उद्या आपल्याला एक भेट हवी आहे, ती सुवर्णपदकाची. प्रकृती ढासळत चालली आहे हे खेळाडूंना दिसत होते. तापातून उठलेला उंचापुरा पीटर थंगराज याला त्यांनी गोलरक्षक म्हणून उतरवले. कोरियाचे उंच चेंडू अडवण्यासाठी त्यांना तोच हवा होता. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला आणि तीनच मिनिटांनी पट्टी बांधलेल्या जर्नैलसिंगने दुसरा. मग एक तासाहून अधिक काळ ती आघाडी सांभाळायची होती. फ्रांको आणि प्रशांत सिन्हा यांनी मधली फळी धरून ठेवली. अशा कामाची नोंद धावफलकावर होत नाही. कोरियाला गोल करता आला तो अगदी शेवटी, आणि एकच.

रहीम हैदराबादला परतले ते आजार घेऊनच. ११ जून १९६३ रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची चौपन्न वर्षेही पुरी झाली नव्हती. जकार्त्याला नऊ महिने लोटले होते.

त्यांच्या पश्चात आपल्या फुटबॉलचे काय झाले हे सर्वश्रुत आहे. १९६४ च्या आशियाई चषकात भारत उपविजेता ठरला. तोवर जुन्या संघाची पुण्याई शिल्लक होती. १९७० मध्ये बँकॉकला ब्राँझ मिळाले. ऑलिंपिकसाठी रोमनंतर भारत एकदाही पात्र ठरला नाही. याचे कारण एका माणसाचा मृत्यू असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियातील देशांनी खेळावर पैसा ओतला, शाळांपासून बांधणी केली. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. रहीम यांची पद्धत त्यांच्या डोक्यात होती आणि त्यांच्या खेळाडूंच्या पायांत; तिचा अभ्यासक्रम कोणी तयार केला नाही, ती शिकवणारी शाळा कोणी काढली नाही. सलग पंधरा-वीस वर्षे एका शहराच्या शाळांमध्ये आणि पोलीस मैदानावर जे उभे राहिले, ते राष्ट्रीय पातळीवर दर स्पर्धेपूर्वीच्या काही आठवड्यांच्या शिबिरावर भागवले गेले. उत्तम प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तो १९८५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी.

जे काही पुढे गेले ते शिष्यांच्या हातून गेले. पी. के. बॅनर्जी कोलकात्याचे नामांकित प्रशिक्षक झाले. बँकॉकच्या ब्राँझपदकात त्यांचा वाटा होता आणि खेळाडूंना शब्दांनी पेटवण्याची कला आपण कोणाकडून घेतली हे ते लपवीत नसत. फ्रांको मुंबईत टाटा संघाकडून आणि नंतर गोव्यात साळगावकरकडून खेळला, दुखापतीमुळे त्याची कारकीर्द लवकर संपली आणि मे २०२१ मध्ये तो निवर्तला. रोममध्ये बाकावर बसून राहिलेले शाहिद हकीम पुढे हवाई दलात अधिकारी झाले, आंतरराष्ट्रीय पंच झाले आणि नंतर प्रशिक्षकही. त्या ओघात ते वडिलांचे शिक्षण सोबत घेऊन गोव्यातही आले आणि साळगावकर संघाला त्यांनी काही काळ मार्गदर्शन केले. फ्रांकोपाठोपाठ तीन महिन्यांनी, ऑगस्ट २०२१ मध्ये, तेही गेले.